अप्पासाहेबांच्या चार नशा

भोर संस्थानच्या अबकारी कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा दारूबद्दल मला इतकंच ठाऊक होतं, की ती वाईट असते आणि आमच्या मामांच्या कपाटात असते. नोकरी मामांनीच लावून दिली. मॅट्रिकची परीक्षा आणि मी यांचं काही केल्या पटेना, तेव्हा ते म्हणाले, "तुझं डोकं कुठं चालत नाही. अबकारीत ते चालवावं लागत नाही." आणि मला नेऊन त्यांनी अप्पासाहेब देवस्थळींच्या पुढ्यात उभं केलं.

अप्पासाहेब संस्थानचे अबकारी इन्स्पेक्टर. चोरून दारू गाळणाऱ्यांना पकडायचं आणि सरकारी गुत्त्यावर ती रीतसर विकली जाते ना हे पाहायचं, ही त्यांची कामं. उंच, वाळके, मानेत किंचित वाकलेले. डोक्याला लाल पगडी. ती घालणारे भोरात तेव्हा तेच उरले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. आणि डाव्या मुठीत तपकिरीची डबी. सही करायची झाली तरी ते डबी खाली ठेवत नसत, काखेत धरत. कचेरीच्या खिडकीत त्यांचे चौकड्यांचे रुमाल वाळत घातलेले असायचे. नवखा माणूस कचेरी शोधत आला, की हे परटाचं घर समजून पुढं जायचा.

त्यांच्या शिंकेचाही एक दरारा होता. धाड घालायला निघायचं, गाडीला बैल जुंपलेले, आणि अप्पासाहेब पायरी उतरता उतरता शिंकायचे. आमचे हवालदार गणपतराव फार देवभोळे. शिंक झाली की ते तिथंच बसायचे. "साहेब, जरा टेकू. अपशकुन झाला." मग आम्ही टेकायचो, पान खायचो, आणि पोचायचो तेव्हा गावात दारूच काय, रिकामं मडकंसुद्धा नसायचं. शिंकेची बातमी आमच्या गाडीपेक्षा पुढं गेलेली असायची.

या तपकिरीनं त्यांचं नाक पार मेलं होतं. अत्तर आणि शेण त्यांना सारखंच. घरात दूध करपलं, की त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, आतून हाक मारून सांगायच्या, "करपलंय बरं का." एरवी ते आनंदानं पिऊन मोकळे झाले असते.

आता अबकारीच्या अंमलदाराला वास येत नसेल तर त्यानं काय करावं? दुसऱ्या कुणी खातं बदलून घेतलं असतं. अप्पासाहेबांनी सिद्धान्त काढला.

"दत्तू," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून घेतलं. खूश असले की मी दत्तू, रागावले की दत्तोपंत. "तोंड हुंगणं हे कुत्र्याचं काम. अंमलदारानं वर्तन पाहावं. मोहाच्या फुलाची दारू आणि गुळाची दारू एकसारखी चढेल असं तुला वाटतं? भुईमुगानं पित्त होतं, काकडीनं होतं का?"

मला भुईमुगानंही होत नसे, पण मी मान डोलावली.

सिद्धान्त असा होता. सरकारी गुत्त्यावर मिळते ती मोहाची. ती प्यायलेला माणूस रडतो. चोरून गाळतात ती गुळाची. ती प्यायलेला भांडतो. शिंदीच्या झाडाची ताडी, तिला नुसतं शिंदीच म्हणायचे, ती प्यायलेला जागच्या जागी झोपतो. आणि विलायती प्यायलेला इंग्रजी बोलतो. "येत नसलं तरी?" मी विचारलं. "येत नसलं तर जास्तच," अप्पासाहेब म्हणाले. "दिवाणसाहेबांच्या मोटारीचा ड्रायव्हर पाहा एकदा."

यातून कायदा अगदी सोपा होत होता. रडणारा दिसला, सोडून द्या. त्यानं सरकारी माल घेतलाय. भांडणारा दिसला, धरा; गूळ आहे. वास नको, बाटली नको, पंचनामा नको. पुराव्याला माणूस स्वतःच हजर.

मला हा सिद्धान्त इतका आवडला, की पुढं पाली, मार्गासनी, जिथं जिथं फिरतीला गेलो तिथं तिथं चावडीवर बसून मी तो समजावून सांगितला. मॅट्रिक नापास माणसाला विद्वत्ता दाखवायला जागा कमी मिळते. लोक कान देऊन ऐकत. मधूनच एखादा म्हातारा विचारी, "म्हंजी रडला तर गुन्हा न्हाई म्हना की." मी म्हणे, "नाही." "आन् मोठ्यानं रडला तर?" "तर अजिबात नाही."

वर्षाच्या आत आमचा सगळा मुलूख रडू लागला. बाजारच्या दिवशी संध्याकाळी भोराहून परतणारी माणसं हमसून हमसून रडत जायची. आम्हाला पाहिलं की जास्त. एकदा उत्रोलीच्या वाटेवर दोघेजण काठ्यांनी एकमेकांची टाळकी फोडत होते, आणि दोघांच्याही डोळ्यांना धारा. एकजण काठी उगारून म्हणाला, "थांब जरा, सायब आलं," आणि दोघंही रडायला बसले. अप्पासाहेबांनी गाडीतून खाली उतरून बारकाईनं निरखलं, चिमूट ओढली आणि म्हणाले, "मिश्र आहे." त्यांना शंका आली नाही. आपला अंमल सुरू झाल्यापासून मुलुखातली चोरटी दारू नाहीशी होत चालली आहे, असंच त्यांना वाटे. दिवाणसाहेबांनाही वाटे. ते पाहुण्यांना जेवायला बोलावत तेव्हा हा सिद्धान्त ऐकवत, आणि अप्पासाहेबांना सुपरिंटेंडेंट करायचं जवळजवळ ठरलं होतं.

अशात उत्रोलीच्या कोंडिबा शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न आलं.

मुलगी हौसा. नवरदेवाकडची मंडळी वेल्ह्याची. वेल्हं तोरण्याच्या पायथ्याशी, स्वराज्याचं तोरण बांधलं गेलं तिथं. त्यामुळं ते व्याही भोराकडच्या माणसांशी जरा वरच्या पट्टीत बोलत. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि मग कुणीतरी पाहिलं, की वऱ्हाडाच्या बैलांना गेल्या सालचा पेंढा टाकलाय आणि कोंडिबाचे स्वतःचे बैल या सालचा खाताहेत. झालं. "आमच्या बैलास्नी काय भिकेला लावलं व्हय?" इथून सुरुवात झाली आणि मांडवाचे खांब हातात आले. या गडबडीत रडायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. कुणीतरी खबर दिली, आणि आम्ही पोचलो तेव्हा कोरड्या डोळ्यांनी, मन लावून, दोन्हीकडचे पाहुणे मारामारी करत होते.

"गूळ," अप्पासाहेब म्हणाले, आणि यजमान म्हणून कोंडिबाला धरलं.

घर धुंडाळलं. भट्टी मिळाली नाही, मडकं मिळालं नाही. आम्ही निघताना अप्पासाहेब पायरीवर शिंकले होते, हे ओघानं आलंच. कोंडिबा हात जोडून म्हणत राहिला, "साहेब, गुत्त्यावरनं आनली व्हती. मोहाची. देवाशप्पत." अप्पासाहेब म्हणाले, "मोहाची असती तर हे रडले असते."

खटला उभा राहिला. वेल्ह्याच्या व्याह्यांनी निरोप धाडला, की तुरुंगात गेलेल्या माणसाची पोर आमच्या घरात नांदायची नाही. निकाल लागू द्या, मग ठरवू. तोवर हौसा माहेरीच. अंगावरची हळद निघाली नव्हती आणि ती भाताच्या खाचरात चिखल तुडवत होती. कोंडिबाची बायको एकदा काकूंकडं येऊन बसून गेली. काही मागितलं नाही. नुसती बसली, आणि जाताना म्हणाली, "तुमास्नी पोरगी हाय का वो, काकू?" काकूंना मूल नव्हतं. त्या दिवशी अप्पासाहेबांना आमटी अळणी मिळाली, आणि तक्रार करायची त्यांची हिंमत झाली नाही.

न्यायाधीश सज्जन होते, पण कंटाळवाणे होते. ते म्हणाले, "देवस्थळी, आपला सिद्धान्त आम्ही ऐकून आहोत. पण त्याला काही प्रत्यक्ष प्रमाण?" आणि पुढची तारीख दिली.

प्रमाण म्हणजे प्रयोग. प्रयोगाला माणूस हवा. अप्पासाहेब स्वतः सोवळ्यातले. चहासुद्धा संकोचानं घेत. गणपतराव हवालदार लगेच पुढं सरसावले. पण "सवयीचा माणूस उपयोगाचा नाही, कोरी पाटी पाहिजे," असं म्हणत अप्पासाहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. माझी पाटी कोरी आहे याबद्दल शाळेत एकमत होतं, कचेरीतही झालं.

पहिली पाळी मोहाची. अप्पासाहेबांच्या ओसरीवर, सकाळी, रविवारी. बातमी फुटली होती. सगळी आळी अंगणात जमली. कुणी पाट आणले होते, कुणी पोरं खांद्यावर घेतली होती. मी पेला नाकाजवळ नेला आणि तोंड वेडंवाकडं केलं. अंगणात हशा पिकला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कुठल्या गोष्टीला दाद मिळत होती. दुसऱ्या पेल्यानंतर मी दिवाणसाहेबांची नक्कल केली, तिसऱ्यानंतर मामांची, आणि मग एक नाट्यपद तानांसकट म्हटलं. लोक पोट धरून हसत होते आणि मी सगळ्यांत जास्त.

अप्पासाहेब समोर खुर्ची टाकून वाट पाहत होते. "येईल. रडू येईल आता." बराच वेळ आलं नाही, तेव्हा त्यांनी पुढं वाकून मदत केली. "दत्तू, तुझी आई आठव."

"आई मजेत आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा तान घेतली.

दुसरी पाळी गुळाची. जप्त केलेली एक बाटली कचेरीत होती. काकूंनी त्या दिवशी आळीला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. "तमाशा आहे का माझ्या दारात?" ओसरीवर अप्पासाहेब, हवालदार आणि मी, तिघंच. एक पेला झाल्यावर काकूंनी माझ्यापुढं मऊ भात, मेटकूट आणि तुपाची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "उपाशीपोटी नको घेऊस रे. आणि त्या परीक्षेचं मनाला लावून घेऊ नकोस. होईल पास."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. हवालदारांनी सांगितलं ते असं, की मी ओसरीच्या खांबाला मिठी मारली आणि तो भिजेपर्यंत रडलो. अप्पासाहेब माझ्याभोवती फेऱ्या घालत होते. "दत्तोपंत, भांडा. गूळ आहे हा. हवालदाराला निदान एक शिवी द्या." मी हवालदारांचे पाय धरून त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तिसरी पाळी शिंदीची. मी झोपायला हवा होतो. झोप येईपर्यंत वेळ जावा म्हणून हवालदारांनी सोंगट्यांचा पट मांडला. ते खोटं खेळतात हे मी साध्या शुद्धीत रोज पाहत होतो आणि गप्प बसत होतो. त्या दिवशी बसलो नाही. पट अंगणात गेला, सोंगट्या तुळशीत गेल्या आणि हवालदारांचा फेटा माझ्या हातात आला. विलायतीचा प्रयोग राहिला. तो दिवाणसाहेबांच्या बंगल्यावर परस्पर चालूच असे.

मी शुद्धीवर आलो तेव्हा अप्पासाहेब ओसरीच्या कडेला बसले होते. डबी जमिनीवर, शेजारी. ती त्यांच्या हाताबाहेर पाहून मला वाटलं, माझ्या हातून खून झाला.

"दत्तू," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी लोक जमले होते, तू हसलास. दुसऱ्या दिवशी हिनं मायेनं जेवायला घातलं, तू रडलास. आज यानं डाव खोटा टाकला."

"खोटा नव्हता टाकला," हवालदार म्हणाले.

"बाटलीचा काही संबंधच नाही. बूच ज्या निमित्तानं निघतं, ते निमित्त चढतं." मग त्यांनी विचारलं, "आपला सरकारी गुत्ता कुठं आहे?"

"नीरा नदीच्या वाटेवर."

"आणि नीरेच्या काठी काय आहे?"

"स्मशान," मी म्हटलं, आणि माझी उरलीसुरली उतरली.

"मयत पोचवून परतणारी माणसं त्या गुत्त्यावर थांबतात. मी इतकी वर्षं त्यांना रडताना पाहिलं आणि दोष मोहाच्या फुलाला दिला. गुळाच्या धाडी आपण लग्नांत घातल्या, कारण खबर द्यायला लोकांना लग्नातच राग येतो. आणि लग्नात तर माणसं पाणी पिऊनही भांडतात. माझ्या लग्नात भांडली होती."

"तुमच्याकडची," काकू आतून म्हणाल्या.

"आमच्याकडची," अप्पासाहेब म्हणाले. आणि जमिनीकडं बघत, "मग आजवर ज्यांना मी..."

आता मी मोठा शहाणपणा केला. म्हटलं, "साहेब, कोर्टाला हे कशाला सांगायचं? प्रयोग झालाच नाही म्हणू. मी आजारी होतो म्हणू. दिवाणसाहेब जाहीर बोलून चुकलेत, तुमची बढती आली आहे."

"दत्तोपंत," ते म्हणाले. एवढं पुरलं.

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. एका बाजूला उत्रोलीचं गाव, एका बाजूला वेल्ह्याचं वऱ्हाड, झाडून सगळे साक्षीला. अशा वेळी माणसाला धीर लागतो आणि तो ते घरूनच घेऊन आले होते. अख्ख्या कोर्टात गुळाचा असा घमघमाट सुटला होता, की न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला सांगितल्या. पण सगळे खाली मान घालून, हाताची घडी घालून उभे. दारापाशी हौसा, हातात गाठोडं. निकालानंतर कुठल्या बाजूला जायचं हे ठरायचं होतं, म्हणून ती मध्येच उभी होती.

अप्पासाहेब उठले. पगडी सारखी केली, शिंकले नाहीत. म्हणाले, "महाराज, प्रयोग केला. माझा सिद्धान्त खोटा ठरला. नशेवरून दारू ओळखता येत नाही. या माणसाविरुद्ध माझ्यापाशी दुसरं काही नाही."

न्यायाधीश चाचरले. "म्हणजे आरोपीनं दारू गाळली नाही, असं आपलं म्हणणं?"

"ते मला माहीत नाही. गाळली असं म्हणायला माझ्याकडं आधार नाही, इतकंच. आणि याच आधारावर आधी ज्यांना शिक्षा झाल्या, त्यांचेही कागद पुन्हा पाहावेत, अशी विनंती आहे."

पाठीमागच्या बाकावर दिवाणसाहेबांचा माणूस बसला होता, तो उठून गेला. कोंडिबा सुटला. वेल्ह्याचा म्हातारा व्याही जागचा उठला, हौसापाशी गेला आणि तिच्या हातातलं गाठोडं घेऊन म्हणाला, "चल पोरी. बैलं खोळंबल्यात."

अप्पासाहेबांची बढती अर्थातच गेली. जुने कागद पुन्हा पाहिले गेले की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते मात्र दर महिन्याला जाऊन विचारून यायचे. त्यांची बदली आरोग्य खात्यात झाली, गावाच्या गटारांवर देखरेख करायला. संस्थानानं त्यांच्या एका तरी गुणाची कदर केली म्हणायचं. भर दुपारी ते गटाराच्या काठानं अशा प्रसन्न चेहऱ्यानं फिरत, की जणू बागेत आहेत. पेन्शनीत निघेपर्यंत त्यांनी तेच काम केलं. भोरची गटारं इतकी स्वच्छ पुन्हा झाली नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी, संस्थान राहतं की जातं अशा गप्पा सुरू झाल्या होत्या तेव्हा, वेल्ह्याहून बोलावणं आलं. हौसाच्या मुलाचं जावळ होतं. आम्हा दोघांना न्यायला गाडी आली होती. वाटेत तोरणा दिसू लागल्यावर मी धीर केला.

"अप्पासाहेब, एक विचारू? कोर्टात त्या दिवशी गुळाचा वास सुटला होता. कोंडिबानं गाळली होती हे लहान पोरालाही कळत होतं. तुम्हाला वास आला नाही, म्हणून तो सुटला."

"वास नाही आला." त्यांनी चिमूट ओढली. "पण न्यायाधीशांनी नाकाला धोतराचा सोगा लावला होता. शिरस्तेदार खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते. मी वर्तन पाहणारा माणूस, दत्तू. आणि इतक्या शिस्तीत प्यायलेली माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. कोर्ट चढलं होतं त्यांना."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या हातातला पुरावा खोटा होता. दुसरा शोधून द्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि डबी मिटत, "तू का नाही बोललास? तुला तर नाक आहे."

मी बैलांकडं बघू लागलो.

मेंगाईच्या देवळापाशी बोकड शिजत होता. झाडाखाली पुरुषमंडळी घोळक्यानं बसली होती आणि घोळक्याच्या मागं काय चाललंय ते विचारायची गरज नव्हती. अप्पासाहेबांना घोंगडीवर मधोमध बसवलं. हौसानं आपलं पोर, नुकतं जावळ उतरवलेलं, तुळतुळीत, आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोरानं हात वर करून त्यांची पगडी ओढली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली; ती गळ्यापर्यंत आली आणि आतून ते ओरडू लागलं. अप्पासाहेब हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, नुसते खांदे गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, एका हातात पोर, दुसऱ्या हातात अर्धा प्यालेला पेला, आणि तो हिंदकळून कोटावर सांडतोय याची शुद्ध नाही.

वेल्ह्याचा म्हातारा व्याही बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. मग कोंडिबाच्या कानाशी वाकला.

"साहेबास्नी काय दिलं?"

"ताक."

"कशाचं?"

"म्हशीचं."

म्हाताऱ्यानं विचार केला. "मंग म्हशीच्या ताकानं मानूस हसतंय म्हनायचं," तो म्हणाला, आणि आपला पेला बाजूला सारून त्यानंही ताक मागवलं.